गोधडीवरची उलटी हरणं

आज सकाळी माझी आत्या गेली.
तिची माफी मागायची होती. ती राहिलीच.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, शिरड शहापूरची. गोधड्या शिवायची आणि कमी बोलायची. मी बरोबर उलट. टाका एक घालता येत नाही, तोंड मात्र दिवसभर चालू.

तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि महिन्याभरात बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कुरुंद्याच्या घरात खाटेवर पडून असायचे.

आईची हरणांच्या प्रिंटची एक साडी होती. ती मी आत्याला दिली. म्हटलं, बाबांसाठी गोधडी शिव.
मोबाइलवर डिझाइनही दाखवलं. चौकोनी तुकडे, आडवेतिडवे जोडलेले. एकदम क्लासी.

आत्या म्हणाली, "ह्या कापडाला हे न्हाई जमायचं, बाई. समदी हरणं एकाच दिशेनं उभी हायेत. तुकडे फिरवले तं कोणाची मुंडी खाली, कोणाचे पाय वर. ह्याला लांब पट्टेच बरे."

पटलं मला. तरी आईच्या साडीला कात्री लागताना मी तोंड फिरवलं.

पंधरा दिवसांनी गोधडी आली. घरात बाबांना बघायला पाहुणे बसलेले. आत्यानं ती बाबांच्या अंगावर घातली.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.
सगळी हरणं उलटी. एकूण एक.

आजारी माणसाच्या अंगावर पाय वर केलेली जनावरं! माझं डोकंच फिरलं.

"आत्या, अक्कल हाय का तुला? आईची एकच साडी व्हती!"
सगळ्यांसमोर.

नुसती फिरवून घालावी, तर तेही जमेना. डोक्याकडच्या काठाला तिनं बाबांच्या जुन्या धोतराची मऊ पट्टी लावली होती. पायाकडची बाजू तोंडावर येऊ नये म्हणून लावतात तशी.

"उसव ती पट्टी. आत्ताच्या आत्ता."

आत्यानं पिशवीतून कात्री काढली.
मी गोधडी ओढली. येईना.

बाबांनी डाव्या हातानं ती पट्टी धरली होती. मी ओढत होते, ते सोडत नव्हते. डोळ्यांत पाणी, तोंडातून नुसता घुं घुं आवाज.

त्यांची बोटं सोडवायला मी उशाशी जाऊन वाकले. माझं डोकं त्यांच्या उशीवर टेकलं, आणि नजर गोधडीवरून पायांकडं गेली.

तिथून सगळी हरणं सरळ होती. आईच्या अंगावर असायची तशी.

"आधी काहून न्हाई सांगितलं?"
"तू इचारलं कुठं? मी त्याच्या जागी निजून बघितलं व्हतं. येणारे-जाणारे दोन घटका पाहतेत. ह्याला दिवसभर पाहायचंय."

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत सटकले. सॉरी एवढा शब्द, तोही निघाला नाही. नंतर कितीदा तरी भेटलो. तिनं तो विषय कधी काढला नाही. मी दर वेळी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू.

सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते. आत्या, चुकलं माझं. लई चुकलं.
सुखानं जा.

बाबांना अजून कोणी सांगितलेलं नाही.
आता मी आत जाते.