स्पंज मिटतो तेव्हा

पिशवीच्या चकतीला भोक मी अंदाजाने कापलं. नर्सबाईंनी मापाचं कार्ड दिलं होतं. पण एवढ्याशा भोकाला माप कशाला, हा माझा रुबाब. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आतड्याचं ऑपरेशन होऊन शौचाची वाट पोटावर काढली होती; तिच्याभोवती ही चकती चिकटवायची. भोक मोठं झालं आणि त्याच संध्याकाळी, चामराजपेटच्या आमच्या घरी चार पाहुणे बसलेले असताना, पिशवी सुटली. पाहुणे कानडी वळणाने “सरी, बरं, येतो” म्हणत उठले. कॉफी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी खाणं सोडलं. आत काही गेलं नाही तर बाहेर काही येणार नाही. सुनेने, म्हणजे माझ्या बायकोने, तर पिशवी बदलताना उंबरा ओलांडायचाच नाही, हा त्यांचा हुकूम. म्हणून ते काम माझ्यासारख्या धांदरटाकडे.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर परत दाखल करा.

अण्णांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यांच्या कपाटात समुद्रातला एक वाळका स्पंज होता. मला वाटलं, आपण भलतेच हुशार. तो घेऊन गेलो.

“अण्णा, ही वरची मोठी भोकं म्हणजे याची तोंडं ना?”

चुकीचं उत्तर त्यांना सोसत नसे. “गाढवा, तोंडं कसली? तिथून पाणी बाहेर पडतं. आत येतं ते अंगभरच्या बारीक छिद्रांतून.”

“आणि मोठं भोक बंद झालं तर?”

“पाणी फार गढूळ झालं की मिटून घेतो तो. थोडा वेळ.”

“मिटूनच राहिला तर?”

ते स्पंजाकडे बघत राहिले. “आतलं पाणी थांबतं. मग उपासमार. मग मरतो.”

मी विजयी मुद्रेने पेजेची वाटी पुढे केली. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मीच शिकवायचो.”

वाटी हातात घेऊन मी तसाच बसलो. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. अण्णांनी एकदा मान वळवून पाहिलं.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून बायको म्हणाली, “अण्णा, यांना सरळ भोक कापता येत नाही. मी ब्लाउजचे गळे कापते. आत येऊ?”

 अण्णांनी डोळे मिटले आणि पोटावरच्या चादरीवरचा हात बाजूला घेतला.

तिने कार्ड लावून माप घेतलं, चकती कापली, बसवली. एक थेंब बाहेर आला नाही. अण्णांनी डोळे न उघडता तीन चमचे पेज घेतली.

स्वयंपाकघरात मी म्हटलं, “बघ, स्पंज लागू पडला.”

ती हात धूत होती. “भुकेने नाही खाल्लं त्यांनी. तुमचा चेहरा बघवेना म्हणून खाल्लं. उद्या वाटी मीच नेईन. तुम्ही नुसते दारात उभे राहा.”