आठ जणींचा खो-खो

बीडहून नेकनूरकडे जाणाऱ्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली, तेव्हाच ओळखायला हवं होतं की आजचं सगळं नशीब इथंच खर्च झालं. मी खो-खोचा पंच. गळ्यात शिट्टी, पिशवीत टेप आणि तोंडात किस्से घेऊन गावोगाव हिंडतो. बाहेर कपाशी वीतभर वाढून वाळली होती.

फाट्यावर कॉलेजचे क्रीडाशिक्षक बांगर सर मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांनी आधी घरी नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली. तांब्या मात्र अर्धाच भरलेला. "जेवण पोटभर करा, पाण्याचं तेवढं बघा," वहिनी म्हणाल्या. मी खो खो हसलो. मैदानावर गेल्यावर ते हसू मावळलं.

इथल्या मुलींच्या संघाची एक रीत होती. गावच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आदल्या दिवशी फायनल ठेवायची. पोरी जिंकायच्या, गुलाल लावायच्या आणि सकाळी आईबापांबरोबर फडात (उसाच्या शेतात) तोडीला जायच्या. फड जवळच, म्हणून जिल्ह्याच्या सामन्याला परत यायच्या. यंदा ऊसच वाळला, बॉयलरची तारीख निघालीच नाही. बांगर सर मात्र तिची वाट बघत बसले. तोवर लांबच्या कारखान्यांचे ट्रक आले आणि बारातल्या चौघी संघातून गळाल्या.

"आमी आठच हाव," कॅप्टन सिंधू म्हणाली. "नऊ न्हाई झाल्या तर मॅच त्यांची. तिघी गेल्या, चौथ्या मंदाच्या गावात आज गाडी भरतीय. सर तिला आणायला निघालेत."

"आणि मॅच गेली तर?"

"जिंकलो तर जिल्हा होईस्तोवर मला मावशीकडं ठिवणारेत. हारलो की उद्या मी बी गाडीत, काका. मग कॉलेज बी गेलं."

सर निघाले. मग मी माझा खेळ सुरू केला. मैदानाची लांबी मोजली, रुंदी मोजली, लांबीचा संशय आला म्हणून पुन्हा मोजली. खांब तिरका ठरवून उपटायला लावला. टॉसचं नाणं जमिनीच्या भेगेत पाडलं आणि काडीनं शोधत बसलो.

"पंच, मैदान मोजताय का भावकीची वाटणी करताय?" समोरच्या संघाचे मॅनेजर म्हणाले. सातजणी पोट धरून हसल्या. सिंधू तेवढी रस्त्याकडं बघत होती.

तासाभरानं मोटारसायकल आली. मागची सीट रिकामी होती.

"मी पोचायच्या आत गाडी गेलती," बांगर सर म्हणाले. "लई लांबवर मागं गेलो. मंदा वर सामानावर बसलेली. मुकादम थांबंना. तिनं वरूनच इचारलं, टॉस कोणी जिंकला."

"तुम्ही काय सांगितलं?"

"आपुन, म्हणलो."

मी शिट्टी वाजवली आणि समोरच्या संघाला विजयी घोषित केलं. माझा आवाज, ज्यावर मी इतकी वर्षं जगलो, तो मधेच फाटला. सिंधूनं पुढं होऊन त्यांच्या कॅप्टनशी हात मिळवला, मग आपल्या सातजणींना ओळीत उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

परतीच्या एसटीत शेजारच्यानं मला किस्सा सांगा म्हणून गळ घातली. एकही आठवेना. सबंध तासाच्या त्या नाटकानं केलं काय, तर सिंधूला आणखी एक तास कॅप्टन राहता आलं. सकाळी तिच्या दारात ट्रक येणार होता.