पहिलं नको

घरात तिला सगळे गोचीड म्हणत. नाव काकांनी ठेवलं होतं आणि ते चपखल बसलं होतं, कारण ही पोरगी एकदा धरलं की सोडत नसे. पाहुणा "चहा नको, आत्ताच घेऊन आलो" म्हणाला, की ती आत जाऊन आधण ठेवूनच बाहेर येई आणि विचारी, "साखर किती?" पहिलं नको त्या घरात कुणी ऐकतच नसे. दुसऱ्याला "बरं, अर्धा कप" व्हायचं. तिसरं आलंच, तर ते खरं मानत आणि पाहुण्याला सुखाने बसू देत.

ही गोचीड पुढे परदेशी शिकायला गेली आणि शेवटच्या वर्षात विद्यापीठाच्याच एका कचेरीत इंटर्न म्हणून लागली. बाहेरच्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांची नड भागवणारी ही कचेरी. काचेचं दार, लांबलचक काउंटर, भिंतीशी चार खुर्च्या आणि कोपऱ्यात एक झाड. ते प्लॅस्टिकचं आहे हे कळेपर्यंत हिने त्याला इमानेइतबारे पाणी घातलं. खोल्यांच्या किल्ल्या देणं, बँकेचा रस्ता सांगणं, कपडे धुण्याचं मशीन कुणाचे मोजे गिळून बसलं तर माणूस धाडणं, असलं काम. तिला ते मनापासून आवडायचं. शिक्षण संपल्यावर इथेच कायमचं कामाला राहायला मिळावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण पहिल्याच महिन्यात तिची जुनी खोड अंगाशी आली. एक मुलगा उदास दिसला, म्हणून ती त्याच्या पाठीच लागली. जेवलास का, झोप लागते का, चल डॉक्टरांकडे जाऊ. मुलाने तक्रार केली. कचेरीच्या मॅडमनी तिला आत बोलावलं.

"तो नाही म्हणाला होता ना?"

"हो, पण ते नुसतं म्हणायचं म्हणून."

"नुसतं कुणी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "आपण एकदा विचारायचं. नाही म्हटलं की नाही. मोठ्या माणसाचा मान असतो तो."

मॅडम काही वाईट नव्हत्या, आणि त्या मुलापुरतं त्यांचं खरंच होतं. गोचीड शरमेने अर्धी झाली. मग तिने स्वभावाला अशी काही मुरड घातली, की काकांनी पाहिलं असतं तर नाव परत घेतलं असतं. एकदा विचारायची, नाही ऐकायची, हसून पुढच्याला बोलवायची. "आता जमायला लागलं तुला," असं मॅडम चारचौघांत म्हणाल्या, तेव्हा ती दिवसभर तरंगत होती.

अशातच एक मुलगी आली. आपल्याकडचीच, मराठी बोलणारी. वर्गात दिसत नाही म्हणून प्राध्यापकांनी कळवलं होतं आणि मॅडमनी तिला बोलावून घेतलं होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि हिच्या पायात घरातल्या सपाता. केसांवरून कंगवा फिरून बरेच दिवस झाले असावेत.

"वर्गात येत नाहीस म्हणे. काही अडचण आहे का?" गोचिडीने विचारलं.

"नाही ताई, होईल सवय. शिकवतात ते जरा डोक्यावरून जातं, एवढंच."

"शिकवणीची सोय करून देऊ? कुणाशी बोलायचंय का?"

"नको ताई. तुम्हाला कशाला त्रास? मी बघते माझं."

असं म्हणाली खरी, पण उठली नाही. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत, तशीच बसून राहिली. गोचिडीला ते दिसलं. आपल्या घरात असल्या नकोला काय करतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि मॅडमना सगळं ऐकू जात होतं. भाषा कळत नसली तरी पाठ धरल्याचा सूर कुठल्याही भाषेत कळतो.

"बरं. लागलं काही तर ये हं," ती म्हणाली आणि पुढच्याकडे पाहून हसली. मुलगी सावकाश उठून गेली.

त्यानंतर ती आली ती खोलीची किल्ली द्यायला. प्रवेश रद्द करून आली होती, दाराशी सामान होतं. काउंटर तसंच टाकून गोचीड मुलीबरोबर बसथांब्यापर्यंत गेली, एक बॅग स्वतः ओढत.

"अजून थांबता येईल. मी बोलते सगळ्यांशी."

"नको ताई."

"अगं, एक परीक्षा तरी देऊन बघ. मी बसेन तुझ्याबरोबर रोज."

"नको."

"माझ्या खोलीवर राहायला ये. एकटी नको राहूस."

मुलगी हसली. या वेळी ती डोळ्यांत डोळे घालून बोलत होती. "आता खरंच नको. त्या दिवशी तुम्ही अजून एकदा विचाराल असं वाटलं होतं मला. म्हणून तर बसले होते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच गोचिडीला जास्त लागलं. बस आली. तिने बॅगा वर चढवून दिल्या, हात हलवला आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसली. हाताशी आलेलं माणूस आपण घालवलं, आणि तेही शाबासकीसाठी, हे तिला लख्ख कळत होतं.

मॅडम बाहेर आल्या. तिचा चेहरा पाहून थबकल्या.

"बरी आहेस ना? बोलायचंय का थोडं?"

"नको," गोचीड म्हणाली. "ठीक आहे मी."

मॅडमनी मान हलवली आणि आत जाऊन हलकेच दार लावून घेतलं.