तिच्यासमोर घास उतरतो

ऑगस्ट २००३, गुरुवार. मुगाचं कढण गाळत होते. ह्यांना लिम्फोमा झाल्यापासून घास घशाखाली उतरत नाही. वजन आणखी घटलं तर पुढचं केमो लांबेल, असं डॉक्टर म्हणालेत. माझ्या हातून दोन-तीन चमच्यांपुढे काही जात नाही.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नागपूरची बाई आली. मुलगा-सून सॉफ्टवेअर कंपनीच्या बसने गेले की ती खाली येते. बेल वाजवत नाही, जिन्यातूनच बोलायला लागते. मग खुर्चीवर मांडी घालून बसते आणि पुण्याच्या भाजीवाल्यांचा उद्धार करते.

मी समोर उभी राहून ह्यांच्या गळ्याकडे बघत असते. ती बघतच नाही. आज तर तिने स्वतःलाही वाटीभर कढण घेतलं आणि ह्यांच्याबरोबर खायला लागली.

"बाप्पा! भाऊजी, हे तर पोस्टर चिकटवायची खळ होय!"

"वहिनी, पुण्यात पाहुण्यांना हेच देतात," हे म्हणाले, हसले, आणि सावकाश वाटी संपवली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी पातेलं जरा जोरातच घासलं.

शुक्रवार. सकाळी मी दाराला आतून कडी घातली, दोन वाट्या भरल्या आणि ह्यांच्याबरोबर खायला बसले. दोन विनोदही केले. ह्यांनी तिसऱ्या चमच्याला वाटी बाजूला सारली. मी कडी काढली आणि वर जाऊन तिला बोलावून आणलं.