जाखाईच्या राईतली तिसरी हाक

देव आहे की नाही या वादात मी कधी पडले नाही. पण तो आपलं ऐकतो, यावर मात्र माझा काडीचा विश्वास नव्हता. देवीच्या साथीत माझं पहिलं लेकरू गेलं, तेव्हा सासूबाईंनी सांगितलेले सगळे उपास मी केले होते, अनवाणी फिरले होते, गाऱ्हाणी घातली होती. त्यानंतरही मी हात जोडायची, पण ते तोंडदेखले. चारचौघींत उठून दिसू नये म्हणून. मनात म्हणायची, तू तुझ्या घरी सुखी, मी माझ्या घरी. जे पुढे सांगणार आहे ते कुणाला पटावं असा माझा आग्रह नाही. मला तरी कुठे पूर्ण कळलंय?

माझं माहेर तळेगावचं, सासर टाकवे बुद्रुकचं. टाकव्याच्या वर डोंगराच्या सोंडेवर महादेव कोळ्यांची एक वाडी आहे. तिथली भागी माझी मैत्रीण. ती हिरडे, करवंदं घेऊन खाली यायची, मी तिला तांदूळ घालायची, एवढ्यावरून सुरू झालेली ओळख. पण माझं लेकरू गेलं तेव्हा घर भरून बायका आल्या आणि त्यांनी मला उपदेश केला. भागीने आल्या आल्या गोठ्यात जाऊन म्हैस पिळली, चूल पेटवली आणि माझ्याजवळ नुसती बसली. सुतकाचे दिवस उलटेपर्यंत रोज येत होती, एक शब्द बोलली नाही. पुढे मी तिला माझं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात बदललेलं ते नाव सासरी कुणाच्या तोंडी नव्हतं, नवऱ्याच्याही नाही. भागी मात्र मला त्याच नावाने हाक मारायची, शेवटचं अक्षर लांबवून, डोंगरावरची माणसं मारतात तशी.

घाटातून विजेच्या गाड्या सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. श्रावण होता, भाताची आवणी, म्हणजे लावणी, संपत आली होती. वाडीवरच्या खाचरात चिखलणी करताना रेडा बांधावरून घसरला आणि भागी त्याच्या अंगाखाली सापडली. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. हाडवैद्याने पाला बांधला, बांबूच्या कामट्या बांधल्या. चार दिवसांत पाय काळानिळा पडून सुजला आणि झोपडीत घाण वास सुटला. मी भांडून तिला बैलगाडीत घातली आणि तळेगावला एका डॉक्टरांच्या लहानशा दवाखान्यात नेली.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "माझे पैसे नकोत. पण हाड उघडून साफ करायचं काम माझ्या हातचं नाही, पुण्याहून सर्जन आणावे लागतील. त्यांची फी आणि गुंगीचं औषध, एवढं आधी लागेल." मी विचारलं, पाय राहील का? ते म्हणाले, "पायाचं नंतर बघू. परवापर्यंत झालं नाही तर बाईच राहणार नाही." भागी शुद्धीत होती, पण बोलत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती. तिचा नवरा कोपऱ्यात उकिडवा बसलेला, त्याच्या कनवटीला दवाखान्यात चहा प्यायलाही पैसा नव्हता.

मग माझी वणवण सुरू झाली. गळ्यातली बोरमाळ सोनाराच्या तराजूत गेली. भाऊ सोमाटण्याला राहायला गेला होता, त्याच्याकडे गेले, त्याने पैसे थोडे दिले आणि शहाणपण भरपूर. वहिनी म्हणाली, "परक्याच्या पायासाठी स्वतःचा गळा उघडा करणारी तुम्हीच पाहिली, वन्सं." मी म्हटलं, पाहिलीस ना, आता नीट बघून घे. आमचे हे लोणावळ्याला रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते, मग मी तिकडे धावले. लोणावळ्यात धुकं एवढं दाटलं होतं की स्टेशनात उभी गाडी दिसत नव्हती, नुसती घरघरत होती. ह्यांनी गँगच्या माणसांपुढे टोपी फिरवली. सगळं एकत्र केलं तरी लागत होतं त्याच्या अर्ध्यावरही जाईना. श्रावणात मावळात कुणाच्या घरी रोकड असते? कणगीचाही तळ दिसायला लागलेला असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाडीची वाट चढू लागले. भागीच्या सासऱ्याला, आबांना, सगळं सांगायचं होतं आणि तिचं एक धड लुगडं आणायचं होतं. आबा म्हणजे जाखाईचे भगत. वाडीच्या अलीकडे जाखाईची राई आहे, जुनी, दाट. तिथे देवीला छप्पर नाही. एक काळा तांदळा, म्हणजे न घडवलेला, नुसते डोळे बसवलेला गोल पाषाण, झाडांना टांगलेल्या घंटा, आणि पिढ्यान्‌पिढ्या नवस फेडणाऱ्यांनी वाहिलेले पैसे. ते पैसे कुणी उचलत नाही. आबा राईतली मोडकी काटकीसुद्धा चुलीला लावू देत नसत. पाचोळ्यात, मुळांच्या बेचक्यांत राणीछाप रुपये काळे पडून पडलेले असायचे आणि पोरं त्यांच्यावरून उड्या मारून जायची, पण हात लावायची नाहीत.

राईपाशी आले आणि माझे पाय थांबले. चांदी इथे मातीत कुजतेय आणि भागी तिथे खाटेवर कुजतेय, असं मनात आलं. आबांना विचारलं तर नाही म्हणतील हे ठाऊक होतं. मी वहाणा बाहेर काढल्या आणि आत शिरले.

एवढ्यात धुकं खाली उतरलं. तसं ते तिकडे रोजचंच, पण राईतलं धुकं वेगळं. हातभर अंतरावरचं झाड आधी दिसायचं नाही आणि मग एकदम कपाळाशी यायचं. वारा मुळीच नव्हता. घंटांचे लोलक कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखे गप्प होते. तांदळ्यापुढे बसले. म्हटलं, आलोच आहोत तर विचारून घ्यावं. भगत कौल लावतात तसा लावला. तांदळ्याच्या दोन बाजूंना तेरड्याची एकेक ओली पाकळी चिकटवली आणि म्हटलं, नेऊ का? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बराच वेळ काही हललं नाही. मग माझ्या डाव्या बाजूची पाकळी सुटून खाली पडली.

म्हणजे नाही. मला असा संताप आला म्हणता! मी तिथे बसून जाखाईला वाट्टेल ते बोलले. तुला काय बाजारात जायचंय का, पैसे कुणासाठी राखतेस, माझं लेकरू नेलंस तेव्हा नाही पोट भरलं? बोलता बोलता रुपये वेचायला लागले. पाचोळा उकरून, बोटं मुळांत घालून, जेवढे सापडले तेवढे ओटीत घेतले, वर पदर घट्ट आवळला आणि निघाले.

राई ती केवढी! या टोकाला खोकलं तर त्या टोकाला ऐकू जावं. ओढ्याचा आवाज उजव्या हाताला ठेवून चाललं की वाट लागते. मी तसंच चालले आणि पुन्हा तांदळ्यापुढे आले. हसलेच स्वतःला. परत निघाले, आणि परत तिथेच. मग ओढ्याचा आवाज कधी डावीकडून येऊ लागला, कधी पाठीमागून. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चालताना ओटीतले रुपये वाजत होते. मी थांबले की ते थांबायला हवेत. पण मी थांबल्यावरही तो आवाज पाठीमागे एक-दोन पावलं येत राहायचा आणि मगच थांबायचा. मी मागे वळून पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, छातीच झाली नाही.

चौथ्यांदा की पाचव्यांदा तांदळा समोर आला तेव्हा मी त्याच्यापुढे बसले. मी ओटी सोडली आणि रुपये तिच्यापुढे ओतले. म्हटलं, "घे बाई, तुझं तुला. माझ्याच्यानं आता होत नाही. भागी माझ्याआधी तुझीच लेक आहे. तिला ठेव नाहीतर ने, तूच बघ." एवढ्या वर्षांत देवापुढे मी पहिल्यांदा काही न मागता बोलले असेन. बोलले आणि रडले. मग रडूही संपलं आणि मी नुसती बसून राहिले, भागी माझ्याजवळ बसायची तशी.

तेव्हा हाक आली. माझ्या माहेरच्या नावाने. शेवटचं अक्षर लांबवलेलं. भागीचाच आवाज.

आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं, रानात धुक्यात नावाने हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणतात. मी तोंडात पदर कोंबून बसले. भागी तर तळेगावला खाटेवर होती. दुसरी हाक आली, थोडी जवळून, थोडी रागावलेली. ती येऊन गेल्यावर मात्र मला धुक्यापेक्षा शांततेचीच भीती वाटू लागली. तिसरी येते की नाही? आली नाही तर भागी कुठे आहे असं समजायचं? तो काळ किती गेला ते मला सांगता येणार नाही. मग तिसरी आली आणि मी ओरडून "ओ" दिली. उठले, आवाजाच्या रोखाने चालू लागले, आणि थोड्याच पावलांत राईबाहेर आले. माझ्या वहाणांपाशी घोंगडीची खोळ घेऊन आबा उभे होते.

"कुटं व्हतीस गं? समदी भिजलीस की."

मी सगळं सांगून टाकलं. कौल, शिव्या, रुपये, काही लपवलं नाही. म्हातारा रागावेल असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कंची पाकळी पडली?"

"डावी."

"कुनाची डावी?"

आबांनी माझे खांदे धरून मला आपल्यासमोर उभं केलं. "ह्यो माजा उजवा हात. तुज्या कंच्या अंगाला आला?"

"डाव्या."

"आई तुज्याकडं तोंड करून बसल्याली हाय, बाय. कौल तिच्या हातानं बगायचा, आपल्या न्हाई. तिनं तुला व्हय म्हनलं व्हतं."

मी म्हटलं, "मग आबा, मला वाट का नाही दिली?"

"दिल्यालं कुनी चोरून नेतं व्हय? आईच्या घरातनं लेक पदराखाली झाकून न्यायला लागली, तर आई इचारनारच की, कुटं चाललीस म्हून."

आम्ही दोघं परत आत गेलो. धुकं तेवढंच होतं, पण झाडं आपापल्या जागी होती. आबा मोठ्याने म्हणाले, "आई, भागीच्या पायासाठी नेतो. लागंल तेवढंच." आणि त्यांनी ते रुपये ओंजळीने माझ्या ओटीत घातले, माहेरवाशिणीची ओटी भरावी तसे. बाहेर पडताना एक घंटा आपोआप वाजली. आबांनी वर न बघता हात जोडले. वाटेत मी म्हटलं, बरं झालं तुम्ही हाका मारल्यात. ते म्हणाले, "म्या न्हाई मारली. लुगडं न्यायला येशील म्हून वाट बगत व्हतो. तुजं दुसरं कंचं नाव हाय, मला ठावं बी न्हाई."

रुपये चिंच आणि राखेने घासले तेव्हा राणीचा चेहरा वर आला. ते पुरले. उरले ते आबांनी परत नेऊन ठेवले. सर्जन आले, आणि दार बंद झाल्यावर मी बाहेर ओट्यावर बसले. त्या वेळी मी काही मागितलं नाही. मागायचं होतं ते राईतच तिच्यावर सोपवून आले होते.

भागीचा पाय वाचला, थोडा आखूड झाला एवढंच. चांगली शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी माझ्याशीच भांडण काढलं. "दोनदा हाक मारली तरी बोलली न्हाईस. कुटं गेलतीस?" तिचा नवरा माझ्याकडे बघू लागला. तो म्हणाला, "तुमी वाडीवर गेला व्हता त्या दिशी तर हिनं दिसभर तोंड उघडलं न्हाई. दातखीळ बसल्यागत पडल्याली."

त्यानंतर दर श्रावणात आम्ही दोघी राईत जायचो, ती लंगडत, मी तिचा हात धरून. एक रुपया वाहायचा आणि जे मनात असेल ते मोठ्याने सांगायचं. मला आयुष्यात सगळं मिळालं असं नाही. पण नाही मिळालं तेव्हा मी आधी स्वतःला विचारते, बाई गं, तू कुणाच्या हाताने कौल बघतेयस? या एका प्रश्नाने माझा बराच संताप उतरला. लेकराचं दुःख उतरलं नाही, ते राहिलं. पण त्याचा जाब मी जाखाईला विचारायचं सोडलं.

गेल्या पौषात भागी गेली. म्हातारी होऊन, घरच्यांच्या हातचं पाणी पिऊन गेली. आता माझं माहेरचं नाव माहीत असलेलं माणूस या जगात कुणी उरलेलं नाही. यंदा श्रावणात दुपारचं धुकं उतरलं तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत होते, आणि ती हाक आली. शेवटचं अक्षर लांबवलेलं. मी गप्प राहिले. काल पुन्हा आली, थोडी जवळून. मला भीती वाटत नाही. सुनेला सगळं सांगून ठेवलंय. झाकून, चोरून काही न्यायचं नाही. तिसरी आली की मी ओ देणार आहे.