घरबसल्या

औशात कुणालाही विचारा, सरदार टेलरची सबिहा काय करते? "घरीच असती की," म्हणून मोकळे होतील. घरीच असते म्हणे! या एकदा सकाळी आणि बघा. चहाचा कप हातात येतो न येतो तोच लॅपटॉप उघडलेला असतो, आणि तो चहा बिचारा साय धरून तिथंच गार होतो. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत ती डेटा आर्किटेक्ट आहे. कंपनीची माहिती कुठून यावी, कुठं साठावी, कुणाला किती दिसावी, याचा सगळा आराखडा तिनं काढायचा आणि बांधायचं दुसऱ्यांनी. तिचे अब्बा हे झकास समजावायचे. "आमची पोरगी बेतती, शिवणारे दुसरे हायेत," असं म्हणायचे, आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं.

ते अब्बा पावसाळा सरता सरता गेले. तेव्हापासून अम्मी, म्हणजे खातूनबी, इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. मायलेकी एका छताखाली. एक आतल्या खोलीत तसबीहची माळ ओढत, एक बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून. "माझी इद्दत सुटंल एक दिवस, तुझी कवा सुटायची?" असं खातूनबी मधूनच चिडवायची. सबिहा हसायची आणि पुढच्या मीटिंगला लागायची.

काल इद्दत सुटली. आज सकाळी सबिहा कुणाला तरी आकृतीतले चौकोन समजावत होती, तेवढ्यात खातूनबी धुवट ओढणी घेऊन दारात उभी राहिली. सबिहानं माइक बंद केला.

"संध्याकाळी मला दुकानात नेतीस का गं? तुझ्या अब्बाच्या खुर्चीवर घडीभर बसावं वाटतंय."

"दुकानात?"

"हाव. लगीन झाल्यापासून त्यांच्या शर्टांची काज-बटणं मीच करून राहिले ना घरी? पण आत जाऊन कवा बसले न्हाई. ईदची गर्दी सरली की नेतो, म्हणायचे. त्यांची गर्दी काय सरली न्हाई. चार महिने झाले, ती खुर्चीच डोळ्यापुढं येती बघ. तेवढी एकच आस ऱ्हायलीय."

पण दुकान राहिलंच नव्हतं. अम्मीला ती "दुकानाचं मी बघते" एवढंच बोलली होती, आणि अम्मी समजली की पोरगी दुकान सांभाळतेय. पोरीनं तर ते केव्हाच उरकून टाकलं होतं! जागेचे मालक गुरुपादप्पा, त्यांना एक फोन. मशीन आणि खुर्चीचे फोटो मोबाइलवरून लातूरच्या एका टेलरला. तो टेम्पो घेऊन आला, सामान घेऊन गेला. किल्ली शेजाऱ्याच्या हाती. हे सगळं दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात, जागचं न हलता. वर स्वतःवरच खूश, की बघा, अम्मीला तसदी नाही, कशी घरबसल्या कामं होतात! अहो, बापाचं दुकान म्हणजे काय कंपनीचा जुना सर्व्हर आहे, नको झाला की केला बंद? पण कामाची सवय अंगात मुरली की माणसाला सगळीकडे तेच दिसतं.

"नेते, अम्मी," ती म्हणाली, आणि माइक चालू केला.

मग दिवसभर जिवाला चैन नाही. दोन खात्यांचं भांडण तिच्यापुढं आलं. एकच गिऱ्हाईक दोघांकडं दोन नावांनी नोंदलेलं, खरं कुठलं मानायचं? एरवी असलं भांडण ती चुटकीसरशी मिटवते. आज तिला प्रश्नच दोनदा विचारून घ्यावा लागला. जेवणाच्या सुट्टीत तिनं गुरुपादप्पांना फोन लावला.

"अप्पा, आजचा दिवस दुकान तसंच ठेवता येईल?"

"तसंच म्हंजे कसं, पोरी? नवा भाडेकरू मोबाइलवाला हाय, रंग देऊन राहिलेत तिथं. तूच म्हणलीस, लवकर घ्या म्हणून. खातूनभाभीला इचारलं व्हतंस ना तू?"

"ठेवते, अप्पा," म्हणून सबिहानं फोन ठेवून दिला.

दुपार कलली तसं तिच्यानं बसवेना. मीटिंग चालू असताना "मला जायचंय" एवढंच सांगून तिनं लॅपटॉप मिटला, आत गेली आणि अम्मीच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. रडू आवरेना तिला. खातूनबीनं हातातली माळ बाजूला ठेवली.

"एका हाकेवर व्हते मी," ती म्हणाली. "मधी निस्ती एक भिंत. इचारायचं तरी."

"चुकलं, अम्मी."

"खुर्ची गेली, जागा तर हाय ना? चल, ऊठ."

दोघी चालत निघाल्या. इतक्या दिवसांनी बाहेर पडलेली खातूनबी एसटीच्या हॉर्नला दचकत होती, पोरीचं मनगट घट्ट धरून होती. बसस्टँडच्या अलीकडे दुकान. आत ओल्या रंगाचा वास, भिंती कोऱ्या करकरीत. गुरुपादप्पांनी रंगाऱ्यांना चहाला पिटाळलं आणि पलीकडच्या आपल्या दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली.

"बसा, भाभी."

"मशीन कुठं असायची?"

"हितं. तोंड रस्त्याकडं."

खातूनबीनं खुर्ची रस्त्याकडं वळवली आणि बसली. हात गुडघ्यांवर ठेवून येणारी-जाणारी माणसं बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"लई लांब वाटायचं गं घरून," ती म्हणाली. "एवढंच व्हतं व्हय."

सबिहा खाली, तिच्या पायाशी टेकली. थोड्या वेळानं खातूनबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझं हापिस कसं हाय गं?"

"काय माहीत, अम्मी. लागले तेव्हापासून घरूनच करते ना. मी बघितलंच नाही."

खातूनबीचा हात तिथंच थांबला. तिनं एकदा भोवतालच्या कोऱ्या भिंती बघितल्या, एकदा पोरीकडं.

"मग जा, बघून ये," ती म्हणाली. "आत माणसं हायेत तवर जा. मागून निस्त्या भिंती बघाय मिळत्यात."