मूठ उघडली की अनेक

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या हजेरीपटांसारखे ते आपोआप साठतात. आम्ही शिक्षक जमलो की एकेक निघतो आणि चहा संपेपर्यंत हसणं चालतं. हे मात्र मी आजवर बाहेर काढले नाहीत. लाज वाटते.

*

पाथर्डीकडच्या एका वस्तीवर मी दुसरीला शिकवत होते. 'वही' वाचणारी पोरं 'वह्या'पाशी अडायची. मग मी युक्ती काढली. कार्ड दाखवताना एक असेल तर मूठ, अनेक असतील तर उघडा पंजा. 'पळतो'ला मिशीवरून बोट, 'पळते'ला वेणीला हात, 'पळतात'ला दोन्ही हात वर. आठ दिवसांत वर्ग धडाधड वाचायला लागला! मी स्वतःवर जाम खूश.

*

एकदा हेडमास्तर दारात उभे राहून सहज मिशी खाजवत होते. माझ्या हातात 'धावते'चं कार्ड होतं. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघून ओरडला, "धावतो!"

सर दचकलेच. आम्ही दोघं पोट धरून हसलो. खरं तर तेव्हाच माझे डोळे उघडायला हवे होते.

*

ते उघडले स्कूटीवरून पडल्यावर. माहेरी सोनईला जाताना घसरले आणि उजवा हात मुठीसकट प्लास्टरमध्ये गेला. झालं! 'गाई' दाखवल्या तरी गाय, 'मुली' दाखवल्या तरी मुलगी. सारिका वर्गातली सगळ्यात हुशार. तिनं काळजीनं विचारलं, "बाई, तुमचा हात बरा होस्तोवर एकएकच वाचायचं का?"

पोरं कार्ड बघतच नव्हती, माझे हात बघत होती.

*

पुन्हा पहिल्यापासून शिकवायला हवं होतं. पण तपासणी चार दिवसांवर! मी त्याच खुणा डाव्या हातानं बसवून घेतल्या आणि त्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांच्या बरोब्बर पाठीमागे उभी राहिले. सारिकाचा एकही शब्द चुकला नाही. साहेबांनी तिला शाबासकी दिली, मला दिली. मी नोंदवहीत तिच्या नावापुढं लिहिलं, 'वाचन येते'.

*

दिवाळीनंतर तिचे आईवडील संगमनेरकडे ऊसतोडीला निघाले. आदल्या दिवशी वडील शाळेत आले. तोडणीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी गावात हंगामापुरतं वसतिगृह होतं. पोरीला तिथं ठेवावं, की धाकट्याला सांभाळायला बरोबर न्यावं, हे त्यांना मला विचारायचं होतं.

"वाचाया येत नसंल तर ठिवतो, बाई. येत असंल तर न्हेतो. तुमी म्हनाल तसं."

हेडमास्तर शेजारीच बसले होते. साहेबांचा शेरा टेबलावर होता.

"येतं तिला," मी म्हणाले.

ते हात जोडून गेले. बोलताना मी जरासुद्धा अडखळले नाही, त्याचीच जास्त लाज वाटते.

*

सारिका परतली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. मी तिला जवळ बसवलं, 'वह्या'चं कार्ड तिच्यापुढं ठेवलं आणि हात पाठीमागे घेतले. ती कार्डाकडे बघेचना. माझ्या खांद्यांकडे बघत राहिली.

मग एकदम तिचा चेहरा खुलला. मला सांगायचं राहूनच गेलं होतं म्हणे! तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांत, तिनं रोज शाळा घेतली होती. चार लहान पोरं होती, एकही दिवस खाडा नाही.

कार्डं कुठून आणलीस, मी विचारलं.

"कार्डं नव्हती, बाई. मी नुसते हात केले. समद्यांना वाचाया आलं."